रिव्हर्स पडत नाही

नाझिब्रोलाबाईंची निवा रिव्हर्स टाकताना दात खाते.
पहिल्यातही खाते, पण कमी.
पेडल पार तळाला टेकवलं तरी
पुढे सरकू बघते,
दावं ओढणाऱ्या वासरासारखी.

बाद्री म्हणतो, आधी स्वस्तातलं बघू.
बॉनेट उघडतो. छोट्या डबीत ऑइल आहे,
काळं, पण आहे.
"शेवटची कधी चालवली होती?"
"जुंबेर गेला, त्याच्या आदल्या शनिवारी."
त्यालाही ओनीत दोनदा बर्फ पडून वितळला.

मग आम्ही दोघं गाडीखाली.
बाई सीटवर, शाळेतले बूट पेडलवर.
"दाबा."
"दाबलं."
"धरून ठेवा."
"धरलंय."
निपल अर्धा फेरा सैल. नळीतून बुडबुडे,
आलुबुखारच्या चटणीच्या रिकाम्या बरणीत
करड्या ऑइलचा धागा.
निपल आवळला. "सोडा."
असं एकोणीस वेळा.
विसाव्याला बाई वरून म्हणाल्या,
"तो खाली असायचा तेव्हा शिव्या द्यायचा.
तू फारच सभ्य निघालास."
बाद्रीने एक शिवी दिली.
त्या हसल्या का, कळलं नाही.
खालून फक्त गिअरबॉक्स दिसतो.

बुडबुडे थांबले.
दांडी सरकते, मी पट्टी लावून मोजलं:
चौदा मिलिमीटर, हवी तितकी.
गळती नाही. फोर्क वाकलेला नाही.
रिव्हर्स टाकला.
खर्रर्र.

बाद्रीने मला हातांनीच समजावलं,
बाईंसमोर बोलायचं नसावं त्याला.
हा तळवा फ्लायव्हील, हा प्लेट.
दाब काढून घेतला
तरी तळवे वेगळे झाले नाहीत;
त्याने ओढून दाखवले, दात आवळून.
"गंज," बाई आरशातून म्हणाल्या.
"पस्तीस वर्षं रसायन शिकवलंय मी, बाद्री.
तूही होतास वर्गात. मागच्या बाकावर."

गिअरबॉक्स उतरवायचा तर अख्खा दिवस, तीनशे लारी.
नाहीतर हिसके देऊन बघायचं.
इंजिन तापवून बंद केलं. दुसरा गिअर. पेडल तळाला.
किल्ली फिरवली तशी गाडी उसळली
आणि निघालीच.
"मी दाबलंय! अरे, मी दाबलंय!"
"माहितेय. गॅस द्या. काढा. द्या. काढा."

रिओनीच्या कडेने आम्ही माना डोलवत गेलो,
सगळं गाव आम्हाला पटल्यासारखे.
घेवडा सोलणाऱ्या बायांनी हात केले.
त्यांना वाटलं असेल,
नाझिब्रोला या वयात गाडी शिकतेय.
पुढे रस्त्यात गायी.
"बंद करू?"
"आता नको. हॉर्न वाजवा."
हॉर्न वाजला. दोन वर्षांत तेवढाच शाबूत.
द्या. काढा.
द्या.

पुलावर, मधोमध, तडक्.

इंजिन एकटंच किंचाळलं.
चाकं आपल्या चालीने, हळू,
जणू त्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता.
"सुटली," बाद्री म्हणाला. "ब्रेक. गिअर काढा. आता सोडा पाय."
बाईंनी ब्रेक मारला.
पाय सोडला नाही.
गाडी शेवटच्या गायीपाशी थांबली,
गिअरमध्ये, इंजिन चालू,
आणि बाईंचा गुडघा स्कर्टखाली थरथरत.
मी मागे पान्यांचा डबा मांडीवर धरून.
गाय नंबरप्लेट चाटत होती. मीठ असेल.

मग त्यांनी रिव्हर्स टाकला.
आवाज आला नाही.
न्यूट्रल केला, पुन्हा टाकला.
पुन्हा.
दर वेळी कान थोडा खाली नेऊन,
वर्गात कुजबुज कुठून येतेय ते शोधतात तसा.
बाद्री खिडकीतून नदीकडे बघत बसला,
तासाचे पैसे घेणारा माणूस,
काही बोलला नाही.